पडद्याचा पांढरा रंग आणि संध्याकाळ

प्रकाशाची छटा तापमानाच्या एककात मोजण्याची प्रथा संगणकाहून बरीच जुनी आहे. आपल्यावर पडणारा सर्व प्रकाश शोषून घेणारी काल्पनिक ‘कृष्णवस्तू’ तापवत नेली, तर लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाप्रमाणे ती आधी तांबडी, मग पिवळी आणि पुढे निळसर पांढरी होते. ज्या तापमानाला तिची छटा एखाद्या दिव्याच्या छटेशी जुळते, ते त्या दिव्याचे रंगतापमान. लॉर्ड केल्विन यांनी १८४८ मध्ये मांडलेल्या निरपेक्ष तापमानश्रेणीनुसार मेणबत्तीचे रंगतापमान सुमारे १९००, तंतूच्या बल्बचे सुमारे २७००, तर दुपारच्या उजेडाचे ६५०० केल्विनच्या आसपास भरते.

पडद्यावरचा पांढरा मात्र समित्यांनी ठरवला. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९६०च्या दशकात ‘डी ६५’ हा प्रमाण दिनप्रकाश निश्चित केला आणि १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सुचवलेल्या ‘एसआरजीबी’ या रंगप्रमाणात तोच आधार धरला गेला. तरीही कित्येक मॉनिटर ९३०० केल्विनवर बसवलेले असत, कारण निळसर पांढरा अधिक झगझगीत भासतो आणि दुकानात झगझगाटच खपतो. हा पांढरा घड्याळ पाहत नव्हता, त्यामुळे खोलीत पिवळा दिवा लागल्यावरही पडद्यावर दुपारच राहत असे.

मायकेल व लोर्ना हर्फ यांच्या ‘एफ-लक्स’ या संगणक-प्रोग्रामने २००९ च्या सुमारास ही रीत मोडली. वापरणाऱ्याच्या अक्षांश-रेखांशांवरून सूर्यास्ताची वेळ काढायची आणि त्यानंतर लाल, हिरवा व निळा या तीन घटकांपैकी निळा बराच व हिरवा काहीसा उतरवून पडदा ३४०० केल्विनपर्यंत आणायचा, एवढीच ही युक्ती होती. तिला शास्त्राचा आधारही तयारच होता: झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक ४४६ ते ४७७ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने सर्वाधिक दबते, असे जॉर्ज ब्रेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले होते, तर प्रकाशाची थेट दखल घेणाऱ्या दृष्टिपटलातील गुच्छिका पेशी डेव्हिड बर्सन यांच्या गटाने २००२ मध्ये नोंदवल्या होत्या. पडद्यांमागे पांढरे एलईडी दिवे येऊ लागले, तेव्हा हा प्रश्न अधिक टोकदार झाला, कारण त्यांच्या वर्णपटात नेमका निळ्या भागातच उंच कळस असतो.

मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. ॲपलने मार्च २०१६ मध्ये आयफोनवर ‘नाइट शिफ्ट’ आणले, पुढच्या वर्षी विंडोज १० मध्येही तशीच सोय झाली, आणि अल्पावधीत ही छटा सुखनिद्रेची हमी मानली जाऊ लागली. हा दावा पुराव्यापुढे धावणारा होता. ब्रिगम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी नाइट शिफ्टसह फोन वापरणारे, त्याविना वापरणारे आणि फोन न वापरणारे अशा तीन गटांच्या झोपेत एकंदरीत फरक आढळला नाही. पुरेशी झोप मिळणाऱ्यांचा वेगळा विचार केला, तेव्हा सरस ठरला तो फोन बाजूला ठेवणारा गट.