काडी, चिठ्ठी आणि कज्जा

वकील न लावता, थोडक्या खर्चात घटस्फोट मिळावा ही मागणी आजच्या शहरी जोडप्यांची वाटते. महाराष्ट्रात ती फार जुनी आहे, आणि एके काळी ती पुरीही होत असे. कष्टकरी जातींत नवराबायकोचे पटेनासे झाले की प्रकरण जातपंचांपुढे जाई. चार माणसांदेखत गवताची काडी मोडली की संसार मोडला. ‘काडीमोड’ हा शब्द तिथून आला. लिहिणारा मिळाला तर काडीबरोबर सोडचिठ्ठीही होई. तिलाच फारखत म्हणत, आणि हा शब्द मोठा बोलका आहे. फारखत म्हणजे मुळात हक्क सोडल्याचा कागद. देणे फिटल्यावर सावकार ऋणकोला लिहून देई तीही फारखतच. नवऱ्याने बायकोवरचा हक्क सोडला, आता तिने दुसऱ्याशी पाट लावायला हरकत नाही, एवढाच त्या चिठ्ठीचा अर्थ. आज हीच फारकत वर्तमानपत्रांत पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांच्या वाट्याला आली आहे.

ही सोय स्वस्त होती, पण ती टिकली ती स्वस्ताईवर नव्हे. काडीला किंमत नव्हती. किंमत होती ती पाहणाऱ्या पंचांना. कोण कोणापासून सुटले, देज (वधूमूल्य) परत करायचे की नाही, मुले कुणाकडे, हे त्यांच्या ध्यानात राही आणि पुढे तंटा झाला की तीच साक्ष उभी राही. राज्यालाही हे मान्य होते. पेशवाईत पाटाच्या लग्नावर ‘पाटदाम’ नावाचा कर घेतला जाई, आणि सरकार ज्यावर कर घेते ते बेकायदा कसे म्हणणार? पेशवाई बुडाल्यावर आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनेतल्या जातींचे रिवाज गोळा करून 1827 साली ग्रंथ छापला, तोही कंपनी सरकारच्या कामासाठीच. म्हणजे नव्या सत्तेला हे रिवाज ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही.

तरीही पंचांची साक्ष मोडली ती कोर्टाने. 1860 च्या दंडसंहितेने जोडीदार हयात असल्यामुळे रद्दबातल ठरणारे दुसरे लग्न करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. जातीने मोकळीक दिली होती, हा बचाव चालेल का? मुंबई हायकोर्टाने 1876 साली शंभू रघूच्या खटल्यात उत्तर दिले: लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. नवऱ्याच्या संमतीविना जातीने बाईला सोडवावे, ही वाट त्यामुळे धोक्याची झाली. तिच्या जागी दुसरी वाट मात्र आली नाही, कारण हिंदूंना घटस्फोट देणारा कायदाच नव्हता. रखमाबाईंचा खटला या पोकळीतला. रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये दावा लावला. 1887 मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असा हुकूम झाला. सुटका झाली ती 1888 मध्ये, दोन हजार रुपये देऊन केलेल्या तडजोडीने. ज्या समाजात काडी मोडून सुटता येई, तिथे सुटकेचा हा नवा दर होता.

जुन्या रिवाजाचे हे गुणगान फार झाले, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पंच पुरुषच असत. दंड, जेवणावळ आणि वाळीत टाकण्याची धमकी त्यांच्या हातात असे. सोडून दिलेल्या बाईला पोटगी मिळे असे नाही, उलट देज फेडण्याचे ओझे माहेरावर येई. ही मनमानी इतकी टिकली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. पण या आक्षेपातून पंचांची सत्ता काढून घ्यावी एवढेच निघते. गरिबाला सुटकेची जवळची वाट नसावी, असे निघत नाही. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी हाच धागा धरला होता. घटस्फोटाने धर्म बुडेल म्हणणाऱ्यांना त्यांनी बजावले की नव्वद टक्के हिंदू शूद्र आहेत आणि त्यांच्यात घटस्फोट रूढच आहे. उरलेल्या दहा टक्क्यांचा नियम सर्वांवर का लादायचा?

मुंबई प्रांताने 1947 मध्ये आणि देशाने 1955 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. 1955 च्या कायद्याने कलम 29 मध्ये रूढीने होणारा घटस्फोटही शाबूत ठेवला. पंच मात्र विरळ होत गेले आणि त्यांची जागा स्टॅम्पपेपरने घेतली. नोटरीपुढे दोघांनी सह्या केल्या की सोडचिठ्ठी झाली, असा समज अजून गावोगाव आहे. हा कागद काडीपेक्षाही कच्चा. आमच्या जातीत अशी रूढी आहे हे कोर्टात मांडून पुराव्याने शाबीत करावे लागते, असे सुप्रीम कोर्टाने 2002 साली स्पष्ट केले. म्हणजे शे-पाचशे रुपयांत झालेली सोडचिठ्ठी पुढे पेन्शन, वारसा किंवा दुसऱ्या लग्नावरून तंटा झाला की वर्षानुवर्षांचा दावा होऊन बसते, आणि तेव्हा वकील चुकत नाही.

वकिलाशिवायची वाट कायद्याने पुन्हा उघडली ती 1984 च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्याने. त्याच्या तेराव्या कलमानुसार इथे वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क नाही. महाराष्ट्रात ही न्यायालये 1989 पासून बसू लागली. यावरचा गंभीर आक्षेप असा की शिकलेल्या, बोलक्या नवऱ्यापुढे न बोलणारी बायको एकटी पडते. मुंबई हायकोर्टाने 1991 मध्ये तो मानला आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात वकिलाला सरसकट मज्जाव करू नये असे सांगितले. मला हा निकाल योग्य वाटतो, पण तो लढतीच्या दाव्यांना लागू. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. परस्परसंमतीचे प्रकरण वेगळे. ती तरतूद 1976 ची. तिच्यातली सहा महिन्यांची वाट पाहणेही परिस्थिती पाहून माफ करता येते, असे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये ठरवले. पोटगी, मुले, घर यांवर एकमत झाले असेल तर त्या अर्जात वकिलाने लढवावे असे फारसे उरत नाही. काम न्यायाधीशाचे आहे: दोघांचे म्हणणे ऐकायचे, संमती खरी आहे का हे तपासायचे. काडी मोडताना हा प्रश्न बायकोला विचारलाच जाईल याची खात्री नव्हती. इथे तिचे उत्तर लिहून घेतले जाते.