क्रमांक दहाचा पुनर्जन्म : नावांच्या यादीपासून खासगी क्लाउडपर्यंत

१/
तीन जुने संगणक आणि एक स्विच एवढ्या सामग्रीवर खासगी क्लाउडची छोटी चाचणी-व्यवस्था उभी राहू शकते. तिची पहिली दोन कामे ठरलेली असतात. प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायचा, आणि तो पत्ता व यंत्राचे नाव ‘होस्ट्स’ या फाइलमध्ये एका ओळीत लिहायचे. पत्ता पुष्कळदा १० या आकड्याने सुरू होतो. हा १० आला कुठून? आणि आजच्या काळातही नावे हाताने का लिहायची? दोन्ही प्रश्नांची उत्तरे इंटरनेटच्या जन्मकथेत आहेत.

२/
२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. वर्षअखेरीस या जाळ्यात चार ठिकाणे होती. चार घरांच्या वस्तीत पत्ता विचारावा लागत नाही. जाळे वाढू लागले, तसे प्रत्येक केंद्र इतर यंत्रांची यादी आपापल्या परीने ठेवू लागले.

३/
लवकरच या याद्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. जाळ्याच्या घडणीविषयीची सार्वजनिक टिपणे ‘आरएफसी’ या मालिकेत निघत. डिसेंबर १९७३ मधील ६०६ क्रमांकाच्या टिपणात पीटर डॉइच यांनी या गोंधळावर बोट ठेवले. प्रत्येकाने वेगळी आणि बहुधा शिळी यादी बाळगण्यापेक्षा एकच अधिकृत यादी जाळ्यावर असावी, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच महिन्यात ६०८ क्रमांकाच्या टिपणाने त्या सूचनेला प्रतिसाद दिला.

४/
ही यादी सांभाळण्याचे काम मेन्लो पार्कच्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरकडे आले. त्याच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवे यंत्र जोडायचे असेल तर या केंद्राला कळवायचे. तेथे नोंद होई, ‘होस्ट्स.टीएक्सटी’ ही फाइल सुधारली जाई आणि देशभरातील यंत्रे तिची प्रत उतरवून घेत. गावच्या दप्तराचा भार एका तलाठ्यावर असावा, तसा संपूर्ण जाळ्याच्या नावांचा भार एका कार्यालयावर होता.

५/
नावांचे नियमही येथेच पक्के झाले. १९८५ च्या ९५२ क्रमांकाच्या टिपणानुसार नाव २४ चिन्हांपर्यंत असावे, त्यात रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ आणि टिंब यांनाच स्थान असावे, लहान-मोठ्या लिपीचा भेद नसावा. पुढे लांबीची मर्यादा वाढली आणि नावाचा आरंभ अंकाने करण्याचीही मुभा मिळाली. अधोरेषेला मात्र यंत्राच्या नावात प्रवेश मिळाला नाही. नवशिक्यांची आजची एक नेहमीची चूक त्या जुन्या नियमाशी जाऊन भिडते.

६/
एकाच यादीची पद्धत कोलमडली ती साध्या गणितामुळे. यंत्रे दुप्पट झाली की यादी दुप्पट लांब होते, आणि ती उतरवून घेणारेही दुप्पट होतात. म्हणजे वाहतूक चौपट. यंत्रे दसपट झाली तर वाहतूक शंभरपट. कितीही दक्ष कारकून नेमले तरी हा वर्ग कमी होणारा नव्हता.

७/
नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ८८२ आणि ८८३ या टिपणांत ‘डोमेन नेम सिस्टिम’ मांडली. वडगाव नावाची गावे अनेक आहेत. तालुका आणि जिल्हा जोडला की घोटाळा मिटतो. या रचनेचा गाभाही तोच होता. नावे श्रेणीबद्ध करायची आणि प्रत्येक श्रेणीची नोंद तिच्या धन्याकडे सोपवायची. मध्यवर्ती दप्तराची सत्ता अशी वाटली गेली.

८/
तरीही जुनी फाइल नाहीशी झाली नाही. त्याच वर्षी आलेल्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही तिची धाकटी बहीण होती, आणि मेन्लो पार्कची यादी त्या घाटात उतरवणारा प्रोग्रॅमही सोबत होता. नावे सांगणारा सर्व्हर अद्याप उभाच नसेल, किंवा यंत्रे मोजकीच असतील, तर ही फाइल पुरेशी ठरते. वर्गाचे गणित लाखांना बुडवते. तिघांचे ते काही बिघडवत नाही.

९/
आता पत्त्यांची कथा. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारले. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक जाळ्याला क्रमांक होता आणि आर्पानेटचा स्वतःचा क्रमांक होता १०. १९९० मध्ये आर्पानेट निवृत्त झाले. मूळ पुरुषाचे घर रिकामे झाले.

१०/
तोवर पत्त्यांची टंचाई दिसू लागली होती. मार्च १९९४ मध्ये १५९७ क्रमांकाच्या टिपणाने तोडगा सुचवला. ज्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी थेट बोलायचे नाही, त्यांच्यासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवावेत. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ मधील १०,४८,५७६ आणि १९२.१६८ चे ६५,५३६. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरावेत.

११/
विरोध तत्काळ झाला. जुलै १९९४ मधील १६२७ क्रमांकाच्या टिपणाने या कल्पनेला शीर्षकातच घातक ठरवले. आक्षेप पोकळ नव्हता. एका पत्त्यावर जगात एकच यंत्र, हा इंटरनेटचा पाया होता. उद्या दोन संस्था एकत्र आल्या आणि दोघींकडे तेच पत्ते निघाले, तर? एका बाजूला टंचाईवरचा उपाय आणि कोणाच्याही परवानगीविना जाळे उभारण्याची मोकळीक. दुसऱ्या बाजूला पत्त्याचे एकमेवत्व.

१२/
फेब्रुवारी १९९६ मध्ये १९१८ क्रमांकाचे टिपण आले. खासगी पट्टे कायम राहिले, पण आक्षेपही नोंदवला गेला. टक्कर टाळण्यासाठी आपला भाग या पट्ट्यांतून यादृच्छिकपणे निवडावा, असा आग्रह त्यात आहे. त्याच्या लेखकांत एलियट लिअर हे नाव दिसते. विरोधाच्या टिपणावरही त्यांचे नाव होते. वाद हरणाऱ्याला गप्प बसवून मिटला नव्हता. त्याची हरकत मजकुरात सामावून मिटला होता.

१३/
या मोकळिकीचे मोल क्लाउडच्या काळात कळले. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज केंद्राने १९६० च्या दशकातच साकारली होती. क्लाउडने ती मागाल तेव्हा मिळेल अशी केली. क्षणात जन्मणाऱ्या आणि क्षणात मिटणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता हवा. दरवेळी कोणाकडे अर्ज करावा लागता, तर प्रयोगच थांबले असते.

१४/
जुलै २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी ओपनस्टॅक हा मुक्त प्रकल्प जाहीर केला. नासाचा वाटा एम्स संशोधन केंद्रातील नेब्युला प्रकल्पातून आला होता. हे केंद्र मेन्लो पार्कपासून फार दूर नाही. ओपनस्टॅकच्या स्थापना-मार्गदर्शिकेतील छोट्या मांडणीत नियंत्रक यंत्राचा पत्ता १०.०.०.११ आणि संगणन यंत्राचा १०.०.०.३१ आहे. अंतर्गत व्यवस्थापनाचे जाळे वेगळे आणि आभासी यंत्रांना बाहेर नेणारे वेगळे. या दुसऱ्या जाळ्याच्या कार्डाला यंत्रावर पत्ताच दिला जात नाही. ते केवळ वाट असते.

१५/
त्याच मार्गदर्शिकेत यंत्रांची नावे होस्ट्स फाइलमध्ये लिहायला सांगितले आहे आणि एक इशाराही दिला आहे. काही लिनक्स वितरणे यंत्राचे नाव १२७.०.१.१ या स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्याला जोडून ठेवतात. ती ओळ राहिली, तर नियंत्रक आपले नाव उच्चारताच स्वतःलाच साद घालतो आणि नावांवर चालणाऱ्या सेवांची गाठ चुकते. ती ओळ काढावी, १२७.०.०.१ ची मात्र राहू द्यावी. डॉइच यांनी १९७३ मध्ये जिच्यावर बोट ठेवले, ती शिळ्या नोंदीची व्याधी येथे एका ओळीत भेटते.

१६/
फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. साठा संपला. क्रमांक दहा मात्र असंख्य खोल्यांत एकाच वेळी नांदतो आहे. एकेकाळी तो साऱ्या जाळ्यात एकाच घराचा होता. आज तो कोणाचाच नाही, म्हणूनच सर्वांचा आहे. प्रयोगशाळेत तीन यंत्रे जोडणारा विद्यार्थी १०.०.०.११ लिहितो आणि शेजारी एक नाव लिहितो, तेव्हा आर्पानेटचा क्रमांक आणि फाइनलर यांच्या कार्यालयाची रीत एकाच ओळीत येतात. फरक इतकाच, की आता ती वही त्याच्या स्वतःच्या हाती आहे, आणि ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच.