स्मरणाचा भार कोणावर? : वेब-उपयोजनांतील स्थितिधारक व स्थितिरहित रचनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात 'स्टेटफुल' आणि 'स्टेटलेस' या संकल्पना बहुधा केवळ व्याख्या म्हणून शिकविल्या जातात. मागील देवाणघेवाणीची आठवण सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो ती रचना स्थितिधारक आणि प्रत्येक विनंती नव्यानेच आली आहे असे मानून तो उत्तर देतो ती स्थितिरहित, असे या व्याख्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. परंतु या दोहोंमागे १९९० पासूनचा एक इतिहास उभा आहे. त्या इतिहासाचा आढावा घेतल्यास असे दिसते की, स्थिती कधीच नाहीशी झाली नाही. ती कोणी सांभाळावयाची, एवढेच बदलत गेले आणि प्रत्येक बदलाबरोबर खर्च, जोखीम व अधिकार यांची नव्याने वाटणी झाली. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

स्थितिरहिततेचा उगम

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. १९९० च्या अखेरीस पहिला वेब-सर्व्हर तेथे सुरू झाला. त्यापूर्वी फाइलींची देवाणघेवाण प्रामुख्याने एफटीपी या नियमसंहितेनुसार होत असे. तीत वापरकर्ता प्रथम प्रवेश घेई, जोडणी खुली राही आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सर्व्हर लक्षात ठेवी. एचटीटीपीच्या आरंभीच्या आवृत्तीने हा मार्ग सोडला. ब्राउझरने जोडणी उघडावी, एक दस्तऐवज मागावा, सर्व्हरने तो देऊन जोडणी बंद करावी, इतकाच हा व्यवहार होता.

या निवडीमागे वेबचा हेतू होता. वाचक एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर, म्हणजेच एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाणार, हे गृहीत होते. कदाचित पुन्हा न येणाऱ्या वाचकाची आठवण ठेवण्याचे सर्व्हरला कारण नव्हते. दस्तऐवज वाचण्यापुरती ही व्यवस्था पुरेशी ठरली.

कुकीची निर्मिती

वेबवर खरेदी-विक्रीचा विचार सुरू होताच या साधेपणाची मर्यादा उघड झाली. एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर पोहोचेपर्यंत सर्व्हरच्या लेखी अस्तित्वातच नसे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनी एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी विक्रीचे उपयोजन तयार करीत होती. अर्धवट राहिलेल्या व्यवहारांची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवावी लागू नये, अशी एमसीआयची अपेक्षा होती. त्यावर लू मॉन्टुली यांनी उपाय शोधला. सर्व्हरने एक छोटी नोंद ब्राउझरकडे द्यावी आणि ब्राउझरने ती प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवावी, ही ती युक्ती. हीच कुकी होय. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत तिचा समावेश होता.

स्मरणाचा भार अशा रीतीने वापरकर्त्याच्या संगणकावर गेला. परंतु त्याची कल्पना सर्वसामान्य वापरकर्त्याला नव्हती. ती फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'मधील लेखानंतर व्यापक प्रमाणात आली. फेब्रुवारी १९९७ मधील आरएफसी २१०९ या मानकाने तृतीय पक्षाच्या कुकींना मज्जाव करावा, निदान त्या मुळात बंद ठेवाव्यात, असे सुचविले. तत्कालीन प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. खरेदीची टोपली सांभाळण्यासाठी जन्मलेले साधन जाहिरातदारांच्या पाळतीचे साधन बनले.

फ्रेमवर्कांचा काळ

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेब-फ्रेमवर्कांनी वेगळी विभागणी केली. ब्राउझरकडे केवळ एक ओळखक्रमांक ठेवावयाचा आणि प्रत्यक्ष माहिती सर्व्हरवर 'सेशन' म्हणून साठवावयाची, ही ती पद्धत. मायक्रोसॉफ्टचे एएसपी, जावा सर्व्हलेट आणि २००० मधील पीएचपी ४ यांनी ती प्रोग्रामरला सहज उपलब्ध करून दिली. प्रोग्राम लिहिणे सोपे झाले. अडचण सर्व्हरची संख्या वाढविताना आली. एएसपीचे सेशन एकाच यंत्राच्या स्मृतीत राहत असल्याने वापरकर्त्याला पुन्हा त्याच यंत्राकडे पाठवावे लागे आणि ते यंत्र बंद पडल्यास त्याची टोपलीही नष्ट होई.

२००२ मधील एएसपी डॉट नेटने यावर दोन उत्तरे दिली. सेशन स्वतंत्र सर्व्हरमध्ये अथवा डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय झाली. तर पानावरील घटकांची स्थिती 'व्ह्यूस्टेट' या नावाने पानातच दडवून ब्राउझरकडे पाठविली जाऊ लागली. दुसऱ्या उपायाने पाने जड झाली आणि मंद जोडणी असलेल्या वापरकर्त्याला त्याची किंमत प्रतीक्षेच्या रूपाने मोजावी लागली.

फील्डिंग यांची मांडणी आणि नंतरचा काळ

एचटीटीपीच्या मानकाचे एक सहलेखक रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचनाशैली मांडली. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी व सेशनची स्थिती पूर्णतः ब्राउझरकडे असावी, हे तिचे एक प्रमुख बंधन होय. त्यामुळे सर्व्हरची संख्या वाढविणे आणि बिघाडातून सावरणे सुकर होते. मात्र तीच माहिती वारंवार पाठवावी लागते, हा तोटाही त्यांनी नोंदविला. कुकीवरील त्यांचा आक्षेप मार्मिक आहे. वापरकर्ता 'बॅक' बटण दाबून मागील पानावर जातो, परंतु कुकी मागे जात नाही. परिणामी पडद्यावरील स्थिती व कुकीतील स्थिती यांत विसंगती निर्माण होते.

पुढील काळातही हा झोका थांबला नाही. डिसेंबर २००७ मधील रेल्स २.० ने सेशनची माहिती स्वाक्षरीसह कुकीतच ठेवण्याची पद्धत मूलभूत मानली. मे २०१५ मध्ये जेएसऑन वेब टोकन मानकबद्ध झाले. सर्व्हरने काहीही न साठवता वापरकर्त्याची ओळख पटविणे त्यामुळे शक्य झाले. परंतु चोरीस गेलेले टोकन मुदतीपूर्वी रद्द करावयाचे तर रद्द टोकनांची यादी सर्व्हरवर ठेवावी लागते. दाराबाहेर काढलेली स्थिती खिडकीतून परत येते, ती अशी.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून स्पष्ट होते की, 'स्थितिरहित उपयोजन' या संज्ञेचा अर्थ 'स्थिती अन्यत्र ठेवलेले उपयोजन' असाच घ्यावा लागतो. स्थिती सर्व्हरवर ठेवल्यास खर्च व बिघाडाची जोखीम संस्थेवर येते. ती ब्राउझरकडे दिल्यास जाळ्यावरील भार वाढतो आणि वापरकर्त्याच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहतो. १९९७ च्या मानकाने दिलेला इशारा सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये तृतीय पक्षाच्या कुकी पूर्णतः रोखून अमलात आणला. गुगलने मात्र क्रोममधून त्या हटविण्याची २०२० मधील घोषणा जुलै २०२४ मध्ये मागे घेतली. रचनेच्या आरंभी सोयीसाठी घेतलेला निर्णय पाव शतकानंतरही निस्तरता येत नाही, हेच यातून दिसते. म्हणून या विषयाच्या अध्यापनात 'कोणती रचना श्रेष्ठ' या प्रश्नाआधी 'स्मरणाचा भार कोण वाहतो आणि त्यास त्याची कल्पना आहे काय' हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.