घरातला फर्नेस दुसरीकडे हलवायचाय? आधी हे समजून घ्या

अमेरिकेत थंडीच्या भागातल्या बऱ्याच घरांच्या बेसमेंटमध्ये फर्नेस असतो. गॅस जाळून हवा गरम करायची आणि ब्लोअरने ती डक्टमधून खोल्याखोल्यांत पाठवायची, हे त्याचं काम. शिकागोजवळच्या आमच्या घरात तो बेसमेंटच्या अगदी मधोमध होता आणि मला तिथे पाहुण्यांची खोली करायची होती. वाटलं, कॉम्प्युटर हलवतो तसं चार वायरी काढायच्या आणि बाजूला लावायचा. तसं नसतं!

फर्नेसला काय काय जोडलेलं असतं?

- डक्ट: एक गरम हवा नेतो, दुसरा थंड हवा परत आणतो. वळणं वाढली की हवेचा जोर कमी होतो आणि लांबची खोली गारच राहते.
- गॅसची लाइन: लांबी वाढली की पाइपची जाडी पुरेशी आहे का, हे पुन्हा तपासावं लागतं.
- वायरिंग: विजेची वेगळी, थर्मोस्टॅटची वेगळी. थर्मोस्टॅटची सहसा 24 व्होल्टची असते.
- फ्लू: जळलेला वायू घराबाहेर नेणारा पाइप.

खरा धोका कुठे आहे?

फ्लूमध्ये. सुमारे 80 टक्के एफिशियन्सीचा जुना फर्नेस वायू धुराड्यात सोडतो. 90 टक्क्यांच्या वरचा कंडेन्सिंग फर्नेस तोच वायू पीव्हीसी पाइपने भिंतीतून बाहेर टाकतो. त्यातून पाणीही निघतं, म्हणून ड्रेन लागतो.

हलवायचाच आहे तर नवा घेऊ, म्हणून आम्ही दुसरा प्रकार घेतला. पण जुन्या धुराड्यावर आता एकटा वॉटर हीटर उरला. त्याच्यासाठी ते धुराडं फारच रुंद. अशा वेळी वायू वर जाण्याआधीच थंड होतो आणि घरात परत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला ना रंग, ना वास.

कामवाला म्हणाला होता, "परमिट कशाला, उगाच खर्च!" मी परमिट काढलं. तपासणीत इन्स्पेक्टरने नेमकं हेच पकडलं आणि धुराड्यात अरुंद धातूचा लायनर टाकून घेतला. त्या खोलीत आता आई-बाबा आले की झोपतात.

लक्षात ठेवा

परमिट टाळू नका. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. मोबाइलवर नोटिफिकेशन येत असलं तरी जाग आणतो तो भोंगाच. आणि तुमच्याकडे फर्नेस नसला, पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर धोका हाच आहे. तो आजच बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.