सागरापार धर्मशिक्षण : विठ्ठल रामजी शिंदे यांची विलायतयात्रा आणि बडोदे



या व्याख्यानासाठी विषय निवडताना मी दोन गोष्टी मनाशी धरल्या होत्या. विषय या नगरीच्या इतिहासाशी निगडित असावा आणि या शाळेचे जे विद्यार्थी आज देशोदेशी पांगले आहेत, त्यांनाही तो आपला वाटावा. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ साली धर्मशिक्षणासाठी केलेला विलायतेचा प्रवास हा असा विषय आहे. शिंदे मूळचे बडोद्याचे नव्हेत. त्यांची कर्मभूमी मुंबई आणि पुणे. परंतु त्या प्रवासात बडोद्याचा वाटा मोठा होता, आणि आपल्या नगरीत त्याचे स्मरण फारसे होत नाही.

‘मिशन’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एकाच दिशेचा प्रवास उभा राहतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये अमेरिकेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा पाया घातला गेला. तेव्हापासून परदेशातून येणारा धर्मोपदेशक ही व्यक्ती मराठी समाजाच्या परिचयाची झाली. उलट दिशेचे प्रवासही झाले. राजा राममोहन राय विलायतेस गेले आणि १८३३ साली ब्रिस्टल येथे निवर्तले. केशवचंद्र सेन यांनी १८७० साली इंग्लंडमध्ये व्याख्याने दिली. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत मुंबई प्रार्थनासमाजाचे बी. बी. नगरकर बोलले. ही सर्व मंडळी प्रामुख्याने आपला विचार सांगण्यासाठी गेली होती. शिंदे गेले ते शिकण्यासाठी, आणि शिकून आपल्याच लोकांची सेवा करण्यासाठी. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा त्यांना मोठा आधार झाला. अशा शिष्यवृत्तीचा हेतू उघड असे : शिकून तयार झालेल्या तरुणाने संस्थानची सेवा करावी. १८९८ साली शिंदे बी. ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासाकडे वळले. परंतु त्यांचे मन प्रार्थनासमाजात रमले होते. पुढे वकिली नाही, नोकरीही नाही, धर्मकार्य करावयाचे, असा निश्चय त्यांनी केला.

याच सुमारास एक संधी चालून आली. इंग्लंड-अमेरिकेतील युनिटेरियन हा ख्रिस्ती पंथ त्रैक्याचा सिद्धांत न मानता एकेश्वरी उपासनेवर भर देणारा होता, आणि आपल्याकडील ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्याशी त्याचा जुना स्नेह होता. या पंथाचे अमेरिकन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड १८९५-९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांच्या प्रयत्नांतून या समाजांच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिक्षण देण्याची योजना निघाली. ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनने १९०१ साठी शिंदे यांची निवड केली. त्या कॉलेजात प्रवेशासाठी कोणत्याही धर्ममताच्या कबुलीची अट नव्हती. धर्मांतर करावे, अशी अपेक्षाही नव्हती. शिंदे प्रार्थनासमाजीय म्हणून गेले आणि प्रार्थनासमाजीय म्हणूनच परतले.

शिष्यवृत्ती मिळाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न होताच. तो महाराजांनी सोडविला. नोकरीचा हक्क न बजावता त्यांनी शिंदे यांना मोकळे केले आणि वर प्रवासास साह्यही केले. श्रोतेहो, या कृतीचे मोल आजच्या दृष्टीने सहज कळणार नाही. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले होते. मिशनच्या एका पेल्याने जेथे समाज ढवळून निघत असे, तेथे एका मराठा तरुणाने समुद्र ओलांडून ख्रिस्ती संस्थेत दोन वर्षे राहावे, हे साहस होते. महाराज स्वतः १८८७ साली युरोपला जाऊन आले असल्याने परदेशगमनाचे भय त्यांना उरले नव्हते. तरीही ज्याच्यावर संस्थानाने खर्च केला, तो तरुण संस्थानाच्या हातून जाऊ देण्यास मनाचा मोठेपणा लागतोच.

ऑक्सफर्डमध्ये जे. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानांकडे शिंदे यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परंतु माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. युनिटेरियन मंडळींनी आपल्याच शहरांतील दरिद्री वस्त्यांत ‘डोमेस्टिक मिशन’ म्हणजे घरचे मिशन चालविले होते. बोस्टन येथे जोसेफ टकरमन यांनी १८२६ पासून ज्या कामास वाहून घेतले, त्याचेच लोण इंग्लंडमध्ये पोहोचले होते. परदेशी जाऊन उपदेश करण्याऐवजी आपल्या गावातील झोपडीत जावे, मुलांना शिकवावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, अशी त्याची रीत. वैभवाच्या शिखरावरील देशातही भुकेले लोक आहेत आणि त्यांच्याकरिता झटणारे लोकही आहेत, या दोन्ही गोष्टी शिंदे यांनी तेथे पाहिल्या.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील उदार धर्माच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि ते स्वदेशी परतले. मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी कार्य सुरू केले. महाराजांच्या इच्छेनुसार त्यांनी बडोदे संस्थानातील अस्पृश्यांच्या शाळाही पाहिल्या. या शाळा महाराजांनी राज्याधिकार हाती आल्यानंतर थोड्याच काळात सुरू केल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जाण्यास तयार नसत, त्यामुळे आरंभी मुसलमान शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. राजाची आज्ञा शाळा काढू शकते, शिक्षकाचे मन बदलू शकत नाही, हा धडा या शाळांच्या इतिहासात आहे. मन बदलण्यासाठी स्वयंसेवक हवेत, आणि तेही वस्तीत राहणारे.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ अर्थात ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना झाली. अध्यक्षस्थानी सर नारायण चंदावरकर होते. शाळेपासून आरंभ झाला, पुढे वसतिगृहे आणि इतर ठिकाणी शाखा निघाल्या. शिंदे यांच्या भगिनी जनाबाईंनी या कामास वाहून घेतले. नावातला ‘मिशन’ हा शब्द विलायतेचा, पण त्याची दिशा मात्र पूर्णपणे घराकडे वळलेली होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली तेव्हा तिचे अध्यक्षस्थान सयाजीराव महाराजांनीच स्वीकारले.

येथे इतिहासाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार ते १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. आपली ओळख लपवून पारशी धर्मशाळेत राहण्याचा प्रसंग आला, तेथूनही बाहेर काढण्यात आले, आणि ते शहर सोडून गेले. राजाने परदेशाचे दार उघडले. नगरीने स्वतःचे दार उघडले नाही. शिंदे आणि आंबेडकर, दोघेही बडोद्याच्या पैशावर शिकलेले. एकाला आपल्या मनाप्रमाणे सेवेचे क्षेत्र निवडता आले, दुसऱ्याला जन्मजातीने अडविले. या नगरीचा गौरव करताना हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत, असे माझे मत आहे.

मिशनच्या कार्यालाही मर्यादा होती. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न पुढे तीव्र झाला आणि दलितांचे नेतृत्व दलितांनीच केले पाहिजे, ही डॉ. आंबेडकरांची भूमिका इतिहासाने खरी ठरविली. शिंदे यांच्या वाट्याला टीका आली, उपेक्षाही आली. परंतु १९२३ साली त्यांनी मिशनचा कारभार प्रामुख्याने अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपविला, ही गोष्ट विसरता येत नाही. स्वतः उभारलेली संस्था ज्यांच्यासाठी उभारली त्यांच्या स्वाधीन करून बाजूस होणे, यातच मला त्यांच्या धर्मशिक्षणाची परीक्षा झालेली दिसते.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज परदेशात आहेत. सेवाकार्यासाठी परदेशी जाणारे तरुणही आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्या सर्वांचे मी कौतुकच करतो. तथापि जाणाऱ्याने आपल्या गावातील कोणत्या वस्तीत आपण आजवर पाऊल ठेवलेले नाही, हे स्वतःला विचारावे. आणि ज्या संस्था त्याला घडवितात, त्यांनी त्याच्यावर हक्क सांगताना सयाजीराव महाराजांची आठवण ठेवावी. शिष्यवृत्ती देणाऱ्याला तिचे फळ आपल्या अंगणातच पडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परळच्या त्या शाळेत ते पडले, म्हणून बडोद्याचे काही उणे झाले नाही.