एका छपराखाली

कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या आसपास फिरताना एका राजाने वसवलेली विद्यार्थ्यांची वस्तीच नजरेस पडते. 1896 साली शाहू महाराजांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढले होते. पाहता पाहता ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले, तेव्हा 1901 पासून त्यांनी वेगळा मार्ग धरला : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि 1908 मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. दार उघडले, पण प्रत्येकाचे निराळे. 'वसतिगृहांची जननी' असा गौरव करताना ही अडचण आपण सहसा गाळतो.

जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांना तिथले सोवळे मानवले नाही. साताऱ्यात 1924 मध्ये त्यांनी सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला नाव मिळाले ते मात्र शाहू महाराजांचेच. मला हे फार बोलके वाटते.

या इतिहासात जात आहे, देणगीदार आहेत. दर मुलामागे जागा किती, हा प्रश्न नाही. तो किन्हवलीच्या बाजूला सुचतो. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांतल्या कितीतरी मुलांचे घर म्हणजे आश्रमशाळा. राज्यातल्या अनेक आश्रमशाळांत दिवसाचा वर्ग हीच रात्रीची झोपायची जागा असते. बाके भिंतीला सरतात, अंथरुणे पसरतात, पत्र्याच्या पेट्या उशाशी येतात. जमीन अपुरी म्हणून दाटी, हे नगररचनेचे गृहीत इथे लागू पडत नाही. बाहेर चहूकडे मोकळे रान असते.