फ्यूजन अणुभट्टीतलं ‘ब्लँकेट’ नेमकं काय करतं?

फ्यूजनचं, म्हणजे अणुसंमीलनाचं इंधन समुद्राच्या पाण्यात आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. या भट्टीला हायड्रोजनची दोन जड रूपं लागतात: ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ड्युटेरियम निसर्गात भरपूर आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात थळच्या प्रकल्पात ते वेगळं करून जड पाणी बनवलं जातं. ट्रिटियमचं अर्धायुष्य मात्र जेमतेम १२.३ वर्षं, त्यामुळे त्याचा नैसर्गिक साठा असा नाहीच. १००० मेगावॉट फ्यूजन शक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालवायची, तर साधारण ५५ किलो ट्रिटियम लागेल. जगातला नागरी वापराचा सगळा साठा मिळूनही तेवढं भरत नाही.

मग ट्रिटियम भट्टीतच पिकवायचं. किन्हीराजाकडच्या सोयाबीनवाल्यांना हा हिशोब सांगायला नको: पुढच्या पेरणीचं बियाणं घरच्याच पिकातून निघायला हवं.

हे काम ब्लँकेटचं. प्रत्येक अभिक्रियेत एक न्यूट्रॉन सुटतो आणि एकूण ऊर्जेपैकी ८० टक्के तोच घेऊन जातो. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे चुंबकं त्याला अडवू शकत नाहीत. तो भिंत पार करून मागच्या लिथियमवर आदळतो आणि त्यातून ट्रिटियम तयार होतं. अडचण अशी की एका अभिक्रियेत एक ट्रिटियम खर्च होतं आणि न्यूट्रॉनही एकच मिळतो. काही न्यूट्रॉन पोलादात जिरतात, काही फटींतून निसटतात. म्हणून शिसं किंवा बेरिलियम घालतात; त्यांच्यावर एक वेगवान न्यूट्रॉन आदळला की दोन बाहेर पडू शकतात. खर्च झालेल्या एका ट्रिटियममागे एकापेक्षा थोडं जास्त परत मिळालंच पाहिजे, नाहीतर भट्टी उपाशी राहील.

गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी या दिशेने बरंच काम केलंय. त्यांच्या रचनेत लिथियम टायटनेटचे बारीक खडे आणि वितळलेलं शिसं-लिथियम, दोन्ही आहेत. हे मिश्रण २३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. पण ते पोलाद हळूहळू खातं, शिवाय जोरदार चुंबकीय क्षेत्रात द्रव धातू वाहताना त्याला ब्रेक लागल्यासारखं होतं आणि पंपावर ताण येतो. पोलादही साधं चालत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने मॉलिब्डेनम आणि नायोबियम दीर्घकाळ किरणोत्सारी होतात, म्हणून त्यांच्याऐवजी टंगस्टन आणि टँटलम घालतात. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने असं भारतीय पोलाद विकसित केलं आहे.

सगळ्यात जास्त चटका मात्र ब्लँकेटला नाही, तळाच्या डायव्हर्टरला बसतो. तिथे दर चौरस मीटरला १० मेगावॉट उष्णता सोसावी लागते, म्हणजे तेवढ्या जागेत २ किलोवॉटचे ५००० गीझर! तिथे ३४२२ अंशांना वितळणारं टंगस्टन वापरतात आणि आतून तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीतून पाणी फिरवतात. तापल्यावर तांबं टंगस्टनच्या जवळपास चौपट प्रसरण पावतं. सांधा तडकू नये म्हणून मध्ये मऊ तांब्याचा थर देतात. माझ्या मते खरी कारागिरी या सांध्यातच आहे.

फ्रान्समधली आयटर भट्टी, ज्यात भारत भागीदार आहे, आपलं ट्रिटियम स्वतः पिकवणार नाही. ते बाहेरून येईल. ब्लँकेटचे फक्त छोटे नमुने तिथे तपासले जातील. ट्रिटियमचा पूर्ण हिशोब जुळवून दाखवणारी भट्टी अजून कुठेच उभी राहिलेली नाही.